‘गावठी मेकॅनिकगिरी’: चेन-स्प्रॉकेटच्या लेखावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. आज सकाळी परत वाचली आणि दुपारी शिवारातून आल्यावर जेवायच्या आधी तिसऱ्यांदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण तसं केलं तर ते मनात सलत राहील. म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझ्या शंभर सीसीच्या गाडीचं चेन किट, म्हणजे चेन आणि पुढचं-मागचं स्प्रॉकेट (दातेरी चाक), संपलं, तेव्हा मी कंपनीचं साधं किट न घेता ४२८ नंबरच्या मापाची ओ-रिंगवाली (रबरी कड्यांची) चेन टाकली. पुढचं स्प्रॉकेट १४ दातांचं होतं ते १५ चं केलं, मागचं ४२ चंच ठेवलं. पूर्ण झाकलेलं चेन कव्हर काढून अर्धं बसवलं. हे सगळं मी फोटोसकट लिहिलं होतं. त्यावर भाऊंनी लिहिलं की शंभर सीसीला ओ-रिंग चेनची गरजच नाही, मायलेज वाढलं म्हणता तर टाकीभर मोजलेले आकडे द्या, स्पीडोमीटर आता खोटं दाखवेल, कव्हर काढणं धोक्याचं आहे आणि चेनच्या रुंदीचा आकडा चुकला आहे. शेवटी हे वाक्य: “हातात चार पाने आले की लोक स्वतःला इंजिनिअर समजतात. असली गावठी मेकॅनिकगिरी लोकांना शिकवू नका.”

आधी चुकीचं कबूल करतो. ४२८ चेनची आतली रुंदी मी ६.३५ मिलिमीटर लिहिली होती. ती ४२० ची असते, ४२८ ची ७.९४. दोन्हींची पिच, म्हणजे लगतच्या दोन पिनांमधलं अंतर, सारखीच, अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे लिहिताना गल्लत झाली. चूक माझी आहे आणि ती दाखवल्याबद्दल आभार. माणूस चुकतो आणि मी ते मान्य करतो. तुम्हीही तेवढ्याच मोकळेपणाने पुढचं वाचा एवढीच अपेक्षा.

आता ‘गावठी’बद्दल.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याचा. वडिलांचं गॅरेज एस.टी. स्टँडच्या मागे कडुलिंबाखाली होतं. गॅरेज म्हणजे वर पत्रा, एक लाकडी पेटी आणि रॉकेलचा डबा. १९८३ साली त्यांनी ते सुरू केलं, शिक्षण सातवी. राजदूत, येझदी, लुना, पुढे जपानी तंत्राच्या शंभर सीसी गाड्या, सगळ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. मी आठ वर्षांचा असल्यापासून रॉकेलच्या डब्यात चेन बुडवून ब्रशने घासायचं काम माझ्याकडे होतं. चेन धुऊन झाली की वडील ती कुशीवर वळवून, पिना उभ्या येतील अशी आडवी धरायचे. नवी चेन अशी धरली तर जवळपास सरळ राहते. झिजलेली चेन धनुष्यासारखी खाली झुकते, कारण प्रत्येक पिन तिच्या बुशात (भोवतीच्या नळीत) सैल झालेली असते. लोक म्हणतात चेन ताणली. लोखंड ताणलं जात नाही भाऊ, पिन आणि बुश झिजतात. एका कडीत एक दशांश मिलिमीटर झीज झाली तर शंभर कड्यांत एक सेंटिमीटर होतं. हे मला कुठल्याही पुस्तकाच्या आधी त्या डब्यापाशी कळलं.

त्यांची दुसरी परीक्षा अशी. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून ओढायची. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर किट बदलायचं, आणि बदलताना चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच. जुन्या दातांवर नवी चेन टाकली की ती काही महिन्यांत जुन्यासारखी होते. गिऱ्हाईक पैशांवरून हुज्जत घालायला लागलं की ते अहिराणीत एकच बोलायचे, “पहिले दात मोजी ले, मंग बोल.”

हे गावठी आहे का? असेल. मला त्याची लाज नाही. पण तुम्ही तो शब्द ज्या अर्थाने वापरलात तो अर्थ मला ठाऊक आहे, म्हणून एक प्रसंग सांगतो.

२०१६ चा जून. मी ठिबकचं काम करतो. नळ्या जोडणं, फिल्टर धुणं, गळती काढणं, असं चोपड्यापासून यावलपर्यंतच्या केळीच्या शिवारात फिरणं चालतं. त्या महिन्यात कामाची घाई होती, स्वतः किट बदलायला वेळ नव्हता, म्हणून शहरातल्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये गाडी दिली. फरशी पांढरी, पोरांच्या अंगावर गणवेश, हातात छापील बिल. वडिलांच्या पत्र्याखाली यातलं काही नव्हतं. चार दिवसांनी तापीच्या पुलाच्या अलीकडे, मागे सोळा एमएमच्या नळीची दोन बंडलं बांधलेली, खाड्‌ असा आवाज झाला आणि मागचं चाक जाम. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकचा चिमटा उडाला होता. सुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली आणि तिने इंजिनच्या आवरणाला तडा दिला. ऑइल रस्त्यावर टपकत होतं. मागून ऊसाचा ट्रॅक्टर येत असता तर आज हे लिहायला मी नसतो.

गाडी टेम्पोत घालून घरी आणली. वडिलांना तेव्हा नीट दिसायचंही नाही. त्यांनी लॉकच्या उरलेल्या कडीवरून अंगठा फिरवला, चिमट्याच्या खुणा कोणत्या बाजूला आहेत ते चाचपलं आणि सांगितलं, उलटा बसवला होता. चिमट्याची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला हवी, उघडी बाजू मागे. उघडी बाजू पुढे राहिली तर कुठे घासल्या-अडकल्याबरोबर चिमटा निघून जातो. ही गोष्ट सातवी शिकलेल्या माणसाला अंगठ्याने कळली. गणवेशातल्यांना डोळ्यांनी दिसली नाही. इंजिनच्या आवरणाचा खर्च मी भरला. वर्कशॉपने हात वर केले.

मग सांगा, गावठी कोण? तुम्ही म्हणाल एका उदाहरणावरून सगळ्यांना नावं ठेवू नका. मग तुम्हीही माझ्या एका लेखावरून ‘असली माणसं’ म्हणू नका. तुम्ही मला ओळखत नाही. माझ्या हातातले पाने चार आहेत की चाळीस, ते तुम्ही मोजलेले नाहीत.

आता ओ-रिंगबद्दल. कंपनीच्या इंजिनिअरांना कळत नव्हतं का, असं तुम्ही विचारता. त्यांना नक्कीच कळतं. पण ते कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत एकच गाडी विकतात आणि किंमत दोनशे रुपयांनी वाढली तर त्यांना घाम फुटतो. मला मुख्यतः चोपडा-यावलच्या शिवारात गाडी चालवायची आहे. आमची काळी जमीन तुम्ही पाहिली असेल, तिच्यातून जुलैत गाडी काढलीत का? बांधावरून शंभर पावलं गेलं की चाकाला गाऱ्याचे जाड थर चढतात. तो गारा पूर्ण कव्हरच्या आत शिरतो. बाहेर यायला वाट नसते, म्हणून तिथेच बसतो आणि ऑगस्टच्या उघडिपीत विटेसारखा वाळतो. मी ते कव्हर काढलं तेव्हा आतल्या थरात चेनने स्वतःसाठी खोबण कोरलेली होती, अगदी कड्यांच्या रुंदीची. चेन रोज त्या खोबणीतून धावत होती आणि नव्वद नंबरचं ऑइल लावलं तर ते चेनपेक्षा मातीच पीत होती.

जुनी चेन काढून मी स्टीलच्या पट्टीवर वीस कड्या मोजल्या. नव्या ४२८ च्या वीस कड्या २५४ मिलिमीटर भरतात. माझ्या २६० भरल्या. अडीच टक्क्यांच्या आसपास वाढ, तीही चौदा हजार किलोमीटरमध्ये आणि दर आठवड्याला ऑइल लावून. कड्या हलवल्या की पट्ट्यांच्या फटीतून मेंदीसारखी तांबडी भुकटी निघत होती. ती भुकटी म्हणजे आत पिन कोरडी पडून गंजत-घासत असल्याची खूण. वरून ऑइल चमकत होतं, आत थेंब पोचत नव्हता. ओ-रिंग चेनमध्ये आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या मधे रबराची कडी असते. कारखान्यात भरलेलं ग्रीस ती पिनेपाशी धरून ठेवते आणि माती बाहेर ठेवते. मला नेमकं तेच हवं होतं. चेन कोइमतूरची असो की चेन्नईची, साधी चेन आमच्या गाऱ्यात साधीच राहते. हो, ओ-रिंग चेन महाग आहे, किंचित जड आहे, थोडी रुंद आहे. रुंदीमुळे पूर्ण कव्हरला घासू शकते हे तुमचं म्हणणं खरं, पण कव्हर मी काढलंच आहे, त्यामुळे माझ्यापुरता तो विषय संपला.

स्पीडोमीटर खोटं दाखवेल म्हणालात. माझ्या गाडीच्या स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येते. मागे कितीही दात बदला, पुढच्या चाकाला त्याचा पत्ता लागत नाही. दुसऱ्याला मोजमाप शिकवायच्या आधी एवढं वाकून बघायला हवं होतं.

पंधरा दातांचं कारणही सांगतो, कारण ते तुम्ही विचारलंच नाही आणि थेट निकाल दिलात. ४२ भागिले १४ म्हणजे ३, आणि ४२ भागिले १५ म्हणजे २.८. ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ५,००० फेरे मारायचं, त्याच वेगाला आता ४,६६७ मारतं. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर तास-दीड तास एकसुरी जायचं असतं, तिथे हाताला झिणझिण्या येणं कमी झालं. पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळपास तीन दात, म्हणून पुढचं बदलणं स्वस्त पडतं. दात वाढल्यावर चेन अर्धी कडी जास्त मागते, मागचा एक्सल तीनेक मिलिमीटर पुढे घेतला की भागतं. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. चेनच्या कड्या नेहमी सम असतात, एक आतली, एक बाहेरची. चौदा हा आकडाही सम. त्यामुळे पुढचा प्रत्येक दात जन्मभर एकाच प्रकारच्या कडीला भेटतो, आणि झीज एकाच घडीने होत राहते. पंधरा विषम, म्हणून दर फेऱ्याला कडीचा प्रकार बदलतो. वडिलांना हे माहीत नव्हतं, ते मी नंतर वाचून शिकलो. वाचतोही, भाऊ.

मायलेजचे आकडे मागितलेत. एक दिवस मागे दोन बंडलं असतात, एक दिवस फिल्टर, एक दिवस मी एकटा. कधी डांबर, कधी बांध. अशा फिरण्यात टाकीभराच्या हिशोबाला काय अर्थ? मला महिन्याच्या खर्चातून फरक जाणवतो आणि माझ्यासाठी तेवढं पुरे आहे. चाळीसगाव-कन्नडमधल्या औट्रम घाटात चौथ्या गिअरात ओढत नाही हे खरं, तिथे तिसरा टाकतो. क्लचवर ताण येतो की नाही यावर पुन्हा कधीतरी बोलू.

कव्हरच्या धोक्याबद्दल एवढंच. साडीगार्ड जागच्या जागी आहे, वरचा अर्धा भाग झाकलेला आहे, आणि माझ्या मागच्या सीटवर नळीची बंडलं बसतात. ज्यांच्या मागे बायको, आई, लेक बसते त्यांनी पूर्ण कव्हर काढू नये. हे लेखात लिहायला हवं होतं. आता लिहिलं आहे.

तुम्ही इंजिनिअर आहात असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. अमळनेरकडचे आहात असंही तुम्हीच म्हटलंय. मग आपल्याच मातीतल्या माणसाशी बोलताना हा सूर कशासाठी? “रुंदीचा आकडा तपासा, कव्हरचा विचार करा” एवढं लिहिलं असतं तर मी त्याच दिवशी फोन नंबर मागून तुमच्याशी बोललो असतो. वडील गेले त्याला आता चार वर्षं झाली. त्यांची लाकडी पेटी माझ्याकडे आहे, तिच्यातले पाने त्यांच्या हाताने झिजलेले आहेत. त्या पान्यांबद्दल कोणी असं बोललेलं मला ऐकून घ्यायचं नाही, म्हणून हे इतकं लांबलं.

६.३५ चा आकडा लेखात बदलला आहे आणि शेजारी तुमच्यामुळे बदलल्याचं नमूद केलं आहे. तुमची प्रतिक्रिया मात्र जशीच्या तशी ठेवली आहे, त्या शेवटच्या वाक्यासकट.