कोपऱ्यातला युनियन जॅक म्हणजे गुलामी नव्हे

‘पॅसिफिकमधली चिमुकली बेटं आजही ब्रिटनची गुलाम आहेत, त्यांच्या झेंड्यावरचा युनियन जॅक बघा. तो काढायची त्यांना मुभाच नाही. पलाऊने जपानची नक्कल केली आहे आणि बाकीच्यांचे तारे नुसती सजावट.’ झेंड्यांच्या चित्रांसह हा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. त्यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी गुलामी. फिजी १९७० साली स्वतंत्र झाला, १९८७ मध्ये प्रजासत्ताक झाला, तरी युनियन जॅक झेंड्यावर आहेच. उलट पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन बेटं अजूनही चार्ल्स राजालाच राष्ट्रप्रमुख मानतात, पण त्यांच्या झेंड्यांवर ती खूण नाही. हवाईच्या झेंड्यावर आहे, आणि हवाई तर अमेरिकेचं राज्य! पॅसिफिकमध्ये खरोखर ब्रिटनच्या ताब्यात उरलं आहे ते एकटं पिटकेर्न.

मुभा नाही, हे तर साफ खोटं. तुवालूने १९९५ साली युनियन जॅक काढून नवा झेंडा लावला. लोकांना तो रुचला नाही. सरकार बदललं आणि १९९७ मध्ये जुना झेंडा परत आला. फिजीचे पंतप्रधान बैनीमारामा यांनी २०१५ साली झेंडा बदलायचं जाहीर केलं होतं. पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये फिजीच्या रग्बी संघाने देशाचं पहिलंवहिलं पदक जिंकलं, तेही सुवर्ण, आणि अंतिम सामन्यात हरवलं कुणाला, तर ब्रिटनलाच, ४३-७! तोच जुना झेंडा घेऊन लोक नाचले. ते पाहून बैनीमारामांनी बेत सोडला. इतक्या मायेने झेंडा जपणाऱ्यांना गुलाम म्हणणं मला फार अन्यायाचं वाटतं.

पलाऊच्या निळ्या झेंड्यावरचं पिवळं वर्तुळ जपानच्या झेंड्यावरच्यासारखा सूर्य नाही, पौर्णिमेचा चंद्र आहे. तो मधोमधही नाही, काठीकडे किंचित सरकलेला आहे.

राहिले तारे. अशोकचक्राचे २४ आरे आपण शाळेत मोजलेले असतात, तसे मार्शल बेटांच्या ताऱ्याचे कोन मोजा. तेही २४, तिथल्या २४ स्थानिक विभागांचे. तुवालूचे नऊ तारे म्हणजे नऊ बेटं. नाऊरूच्या ताऱ्याचे १२ कोन तिथल्या १२ जमातींचे आहेत. वरची पिवळी रेघ म्हणजे विषुववृत्त आणि तारा तिच्या जरासा खाली. नकाशा उघडून पाहा, नाऊरू नेमकं तिथेच आहे.