तिथे झाडं का लावत नाहीत, ताई?

ऑगस्टात माझा मामेभाऊ येतोय इंदूरहून, लोकमान्य नगरवाला. मी म्हटलं हॅम्बर्गमधली चर्चेस बघून काय करणार, चल चार दिवस पायी फिरू, लुनेबुर्गर हाइडे तासाभरावर आहे. तर त्याचा प्रश्न, जंगल आहे का? मी म्हटलं जंगलही आहे आणि हाइडेही, म्हणजे रेताड माळ, त्यावर गुडघ्याएवढी झुडपं, ऑगस्टात सगळा माळ जांभळा होतो. दोन मिनिटं टायपिंग... टायपिंग... आणि मग, "एवढी रिकामी जागा आहे तर तिथे झाडं का लावत नाहीत, ताई?"

उत्तर लिहायला बसले आणि हे एवढं लांबलं.

आधी प्लॅन सांगते, कारण तोच तीनदा बदलून झालाय. हांडेलोहला ट्रेनने उतरायचं, पहिला मुक्काम उंडेलो. दुसऱ्या दिवशी विल्झेडे, या गावात गाड्यांना बंदी, पायी या नाहीतर घोडागाडीने. मग विल्झेडर बेर्ग, या भागातला सगळ्यात उंच डोंगर, उंची 169 मीटर! इंदूरजवळचा जानापावचा डोंगर चढणाऱ्या आमच्या भावाला हे सांगितलंच नाहीये अजून, विमानाचं तिकीट कॅन्सल करेल. तिथून टोटनग्रुंडची दरी बघून बिस्पिंगेन, तिसऱ्या दिवशी श्नेफरडिंगेन, चौथ्या दिवशी परत हांडेलोह, गोल पूर्ण. रोजचे पंधरा-वीस किलोमीटर, सपाटच, पण रेतीत पाय रुततो आणि वेग निम्मा होतो हे नकाशा सांगत नाही. श्नेफरडिंगेन आणि हांडेलोह एकाच रेल्वेलाइनवर, म्हणून गोल मुद्दाम याच दिशेने ठेवला, तिसऱ्या दिवशी भियाचे, म्हणजे भावाचे, पाय बोलले तर सरळ गाडीत बसवायचं. तंबू ठोकता येत नाही, संरक्षित क्षेत्र आहे, वाट सोडायची नाही, आणि फुलांच्या दिवसांत खोल्या आधीच भरतात, त्यामुळे "येऊन बघू" हे इंदुरी धोरण इथे चालत नाही. रविवारी दुकानं बंद, पाणी-खाणं शनिवारीच पाठीवर. संध्याकाळी पायांवर टिक म्हणजे गोचीड बघायचीच, इथल्या गोचिडी आजार देतात.

आता झाडांचं. हा माळ निसर्गाने नाही केला, माणसाने केला, शेकडो वर्षं जंगल तोडून, मेंढ्या चारून, वरची माती खरवडून शेतात नेऊन. नंतर रासायनिक खत आलं, लोकरीचे भाव पडले, तर लोकांनी माळावर पाइन लावायचा सपाटा लावला. तेव्हा एगेस्टोर्फचा पाद्री विल्हेल्म बोडे याने 1906 मध्ये टोटनग्रुंड विकत घेववला, 1909 मध्ये माळ जपायला संस्था उभी राहिली, आणि तेव्हापासून माळ माळच ठेवायची खटपट चालू. हाइडश्नुके नावाच्या मेंढ्या कोवळी रोपं खातात, आणि त्यांच्याकडून सुटलेली बर्च-पाइनची पिल्लं माणसं हाताने उपटतात, त्याला खास शब्दच आहे, एंटकुसेल्न. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही वाटलं, वेडे आहेत का हे.

आमच्या फॅमिली ग्रुपवर 14 जुलै 2024 ला जो जल्लोष झाला तो आठवतो, इंदूरच्या रेवती रेंजवर एका दिवसात 12 लाखांहून जास्त रोपं, गिनीज रेकॉर्ड. मी विचारलं, पुढच्या मे महिन्यात पाणी कोण घालणार, तर मामी म्हणाली, तिकडे बसून नावं ठेवू नकोस. बरोबरच आहे मामीचं, बेचाळीस डिग्रीत तिला राहायचंय, मला नाही. पण एक गंमत बघा, रेवती रेंज बीएसएफची फायरिंगची जागा, आणि श्नेफरडिंगेनजवळच्या माळावरही 1994 पर्यंत ब्रिटिश रणगाडे धूळ उडवायचे. ते गेले आणि यांनी तिथे पुन्हा माळ आणला. रेवतीवर माळ हवा होता असं मी म्हणत नाहीये. एवढंच म्हणते की इकडे काय लावायचं याच्या आधी इथे काय असतं हे विचारलं गेलं.

आपल्या माळव्यात तर हे विचारायलाच हवं, आपली जुनी बीडं, गवताची रानं, सरकारी कागदावर सरळ पडीक. त्याच गवतात पावसाळ्यात खरमोर पक्षी उड्या मारतो, त्याच्यासाठी सैलाना आणि सरदारपूरला 1983 पासून अभयारण्यं आहेत, आणि तो आता नामशेष व्हायच्या उंबरठ्यावर. त्याच्या गवतात दाट झाडं लावली की तो गेला. आणि इंदूर शहरात उलटं, हुकुमचंद कापड मिल 1991 मध्ये बंद पडली, तिथे कोणी न लावता झाडं उगवली, तर तिथे बांधकामाची घाई. माझं भांडण असलंच तर हे आहे, बाकी जर्मन शहाणे वगैरे काही नाही, यांनीही आधी जंगल कापलंच होतं ना.

हे सगळं भावाला व्हॉइस नोटवर पाठवलं, सात मिनिटांची. त्याचं उत्तर आलं, "ताई, समजलं. खरमोर सैलान्याला आहे तर मी तिकडे का येऊ, तूच ये ना जुलैमध्ये." तिकीट मात्र काढलंय त्याने, आणि विचारतोय शेव किती किलो आणू.