काळ्या शीटचे शंभर लिटर

मामांनी रात्री फॉरवर्ड पाठवला आणि सकाळी फोन केला, "बुकिंग सुरू झालंय, दोन घेऊन ठेवू का?" मेसेज असा: ग्राफीनची (म्हणजे कार्बनच्या अतिपातळ थराची) काळी शीट समुद्राच्या पाण्यावर तरंगत ठेवा, एका चौरस मीटरमधून दिवसाला १०० लिटर गोडं पाणी घ्या. वीज नको. मीठ साचत नाही. कारखान्याचं सांडपाणीही पिण्याजोगं होतं. कंपन्यांनी हे दाबून ठेवलंय.

आधी ते शंभर लिटर. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६७ युनिट (वीजबिलातलंच युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता लागते. कडक उन्हाच्या दिवशी चौरस मीटरवर सहाएक युनिट ऊर्जा पडते. करा भागाकार: ९ लिटर, तेही कणभर उष्णता वाया न घालवता. काळी शीट ऊन शोषते, ऊन बनवत नाही. वातावरणाबाहेर जाऊन चोवीस तास सूर्य समोर धरलात तरी जेमतेम ३३ युनिट मिळतील, म्हणजे पन्नास लिटरसुद्धा नाही!

यात अर्धं सत्य आहे, तेही सांगतो. १८७२ साली चिलीत लास सालिनासला काचेखाली पाणी तापवायचे, तेव्हा चौरस मीटरला पाचेक लिटर मिळायचे. नव्या पदार्थांनी फरक पाडला तो असा, की अख्खं पाणी तापवण्याऐवजी फक्त वरचा पातळ थर तापतो. आणि २०२० मध्ये अमेरिकेतली एमआयटी आणि चीनमधल्या शांघाय जिआओ टोंग विद्यापीठाच्या गटाने दहा थरांचं उपकरण केलं. एका थरातली वाफ थंड होताना जी उष्णता सोडते, ती पुढच्या थराला कामी येते. म्हणून तासाला चौरस मीटरमागे ५.७८ लिटर मिळाले. खरंच कौतुकाचं काम. पण सहा तासांचं कडक ऊन धरलं तरी हे पस्तीस लिटर होतात, आणि ते दहा थरांचं यंत्र आहे, तरंगती शीट नव्हे.

मेसेजसोबतच्या व्हिडिओत शीटखाली वजनकाटा दिसतो, तो नीट बघा. काट्यावर घटलेलं वजन म्हणजे हवेत उडालेलं पाणी. बाटलीत आलेलं पाणी वेगळं. वर काच ठेवली की तिच्यावर थेंब जमतात, ऊन अडतं आणि आकडा खाली येतो.

'मीठ साचत नाही' म्हणे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभर लिटर पाणी काढलं की मागे रोज साडेतीन किलो उरणार. ते पाण्यात परत मुरू देणारे पदार्थ बनवण्यातच संशोधकांचा जीव जातोय, नाहीतर शीटच्या कडेला पांढरी खपली धरते.

सांडपाण्याचा मुद्दा मात्र घातक आहे. बेंझिनसारखी रसायनं पाण्याबरोबर वाफ होऊन वर जातात आणि तुमच्या 'शुद्ध' पाण्यात येऊन बसतात. हे कुणाला पाजू नका.

दाबून ठेवण्याचं म्हणाल, तर मोठे आरओ प्रकल्प (पाणी दाबाने बारीक पडद्यातून गाळणारे) १००० लिटर समुद्राचं पाणी ३-४ युनिट विजेत गोडं करतात. त्याच चौरस मीटरवर सोलर पॅनेल टाकलं तर दिवसाला सव्वाएक युनिट वीज मिळते, म्हणजे तिथे तीनशेहून जास्त लिटर. मग शीट दाबून ठेवायची कशाला? जिथे पंप, वीज, सुटे भाग काहीच पोचत नाही, तिथे उन्हाचं साधं यंत्र उपयोगी आहे, हे मान्य.

मामा, तरी बुकिंग करायचंच असेल तर विकणाऱ्याला विचारा: शंभर लिटर काट्यावर मोजलेत की बाटलीत? आणि रोजचं साडेतीन किलो मीठ टाकायचं कुठे?