जॉइंटरवर जोर लावल्याने फळीची कड सरळ होत नाही

जॉइंटरवर, म्हणजे फिरत्या पात्यांनी लाकूड रंधणाऱ्या यंत्रावर, फळीची कड सरळ करण्याविषयी एक सल्ला पुष्कळ फिरतो: फळी पूर्ण ताकदीने दाबून धरा, काप खोल ठेवा म्हणजे एका फेरीत काम होते, गार्ड (पात्यांवरचे संरक्षक आवरण) आड येतो म्हणून काढून टाका, हातमोजे घाला, आणि आखूड तुकडेही याच रीतीने चालवा. यांतला जोराविषयीचा समज सर्वांत पक्का बसलेला आहे, म्हणून आधी तोच तपासू.

कड सरळ होते ती टेबलांमुळे. पात्यांच्या पलीकडचे आउटफीड टेबल पात्यांच्या फेऱ्यातील सर्वांत उंच बिंदूशी समतल असते आणि अलीकडचे इनफीड टेबल कापाच्या खोलीइतके खाली असते. त्यामुळे रंधून पुढे गेलेला भाग आउटफीड टेबलावर नेमका टेकतो आणि तोच मागून येणाऱ्या भागाची रेघ ठरवतो. अरुंद पट्टी ताकदीने दाबली तर तिचा बाक तेवढ्यापुरता नाहीसा होतो, पाती त्या दबलेल्या स्थितीतच लाकूड काढतात आणि हात उचलताच बाक परत येतो. रुंद फळी अशी दबत नाही. तिची खोलगट कड खाली ठेवली तर ती दोन टोकांवर स्थिर टेकते, फुगीर कड खाली ठेवली तर मात्र कितीही दाबले तरी ती डुलतच राहते. फळी फेन्सला (टेबलावरच्या उभ्या आधारपट्टीला) घट्ट लावून ठेवावी, खालचा दाब बेताचा असावा, आणि पुरेसा भाग पलीकडे गेला की तो दाब आउटफीडच्या बाजूला न्यावा. फळीच्या शेवटच्या टोकाला खड्डा पडतो तेव्हाही ‘जोर कमी पडला’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात बहुधा आउटफीड टेबल पात्यांपेक्षा किंचित खाली राहिलेले असते. शिवाय अंगाचा सगळा भार हातांवर घेतलेला असताना फळी अचानक मागे फेकली गेली, तर ते हात थेट पात्यांवर जातात.

खोल कापाचा सल्ला याच धोक्यात भर घालतो. पाती फळीच्या चालीच्या उलट दिशेने कापतात. काप जितका खोल, तितका फळी मागे ढकलणारा रेटा मोठा आणि लाकडाच्या तंतूंच्या उलट्या रेषांवर ढलप्या उडण्याची शक्यता अधिक. कडेसाठी एका फेरीत सुमारे १ मिमी पुरे, कठीण लाकडाला त्याहूनही कमी. लाकडाच्या रेषा फळीच्या मागच्या टोकाकडे खाली उतरत असाव्यात, आणि खिळा किंवा सैल गाठ आहे का हे आधीच पाहावे.

गार्ड आड येत नाही. स्प्रिंगवर फिरणाऱ्या गार्डला फळीच बाजूला सारते आणि फळी निघून गेल्यावर तो परत जागेवर येतो, म्हणजे पाती उघडी पडण्याच्या क्षणीच तो उपयोगी पडतो. कडेला खाच पाडताना काही यंत्रांवर तो काढावा लागतो; ही सवय तिथूनच आली असावी, पण कड सरळ करण्याशी तिचा संबंध नाही. फेन्स पुढे ओढल्यावर तिच्यामागे उघड्या राहणाऱ्या पात्यांवरही आवरण हवे, हे तर त्या सल्ल्याच्या गावीही नाही.

हातमोज्यांबद्दल थोडक्यात: खडबडीत फळ्या उचलताना ते अवश्य घालावेत, यंत्र सुरू करण्यापूर्वी काढावेत. कटरहेड, म्हणजे पाती बसवलेला फिरता दंडगोल, मिनिटाला हजारो फेरे घेते. मोज्याचे टोक त्यात अडकले तर मोज्याबरोबर हातही ओढला जातो.

आखूड तुकडा मात्र कोणत्याही युक्तीने सुरक्षित होत नाही. दोन टेबलांमधल्या फटीवर त्याला पुरेसा आधार मिळत नाही, तो कलतो आणि पात्यांत ओढला जातो. सुमारे ३० सेंमीपेक्षा कमी लांबीचे लाकूड जॉइंटरवर न घालण्याचा प्रघात त्यामुळेच आहे. लांबी पुरेशी पण फळी ७५ मिमीपेक्षा कमी उंच असेल, तर बोटांऐवजी पुश ब्लॉक (फळी ढकलण्याचे मुठीचे ठोकळे) वापरावेत. आखूड तुकडेच हवे असतील, तर लांब फळीची कड आधी सरळ करून मग तुकडे कापावेत. तुकडा आधीच कापलेला असेल तर तो शिकंज्यात धरून हातरंध्याने रंधावा.