उंट, सुई आणि चोच फोडणारा गरुड

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोन दिवस मनात घोळत होती, म्हणून उत्तराला उशीर झाला. चर्चमधल्या उपदेशात गोष्टी आणि विनोद कसे वापरावेत या माझ्या लेखावर तुम्ही जे लिहिलंत ते थोडक्यात असं : व्यासपीठ म्हणजे रंगमंच नव्हे. चुटका ऐकून चर्चची मंडळी हसते, प्रेरणादायी गोष्ट ऐकून डोळे पुसते आणि दाराबाहेर पडेपर्यंत बायबलचं वचन विसरून जाते. मन वळवणाऱ्या शब्दांनी मी आलो नाही, असं प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रातून बजावलं होतं. आणि येशूने लोकांना कधीही हसवलं नाही. शेवटी तुम्ही लिहिलंत, "देवाच्या वचनाला गोष्टींच्या कुबड्या लागत नाहीत."

हे शेवटचं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. येशूबद्दलचं मात्र नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

येशूने सांगितलेलं कुसळ आणि मुसळ आपल्या बोलण्यात इतकं मुरलंय की त्यातलं चित्र आपल्याला दिसेनासं झालंय. क्षणभर ते डोळ्यांपुढे आणा. एका माणसाच्या डोळ्यात मुसळ आहे, चांगलं हातभर लांब. तो भावाकडे वाकतो आणि म्हणतो, थांब, तुझ्या डोळ्यातलं कुसळ काढतो. तो जितका जवळ येईल तितका भावाला मागे सरकावं लागणार. डोंगरावर बसून हे ऐकणारे लोक गंभीर चेहऱ्याने बसले असतील असं मला वाटत नाही. आणि हसता हसता प्रत्येकाचा हात आपापल्या डोळ्याकडे गेला असणार. 'येशू हसला' असं शुभवर्तमानात कुठे लिहिलेलं नाही, हे तुमचं खरं. पण त्याच्या बोलण्यात विनोद नाही असं म्हणायचं तर त्याचे शब्द बाजूला ठेवावे लागतील.

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो, तो उंटही तसाच. आणि या उंटाचं आपण उपदेशकांनी काय केलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुमच्या रागाचं खरं कारण तिथे आहे असं मला वाटतं. यरुशलेमच्या तटाला 'सुईचं नाक' नावाचा एक लहान दरवाजा होता, उंट ओझं उतरवून गुडघ्यांवर रांगत त्यातून आत जायचा, तसं श्रीमंतानेही नम्र व्हावं : हा दाखला तुम्हीही ऐकला असेल. ऐकायला सुरेख आहे. पण येशूच्या काळात असा दरवाजा असल्याचा कोणताही पुरावा नाही. हे स्पष्टीकरण पुढे कित्येक शतकांनी आलं. त्याने नुकसान काय होतं, ते मत्तयाच्या 19व्या अध्यायात पाहा. उंटाचं वाक्य ऐकून शिष्य थक्क होतात आणि विचारतात, मग तारण कोणाचं होणार? येशू म्हणतो, माणसांना हे अशक्य आहे, देवाला सर्व शक्य आहे. दरवाजा मानला की 'अशक्य' शब्दाला अर्थच उरत नाही. थोडी कसरत केली की झालं! येशूने अशक्य वाटावं म्हणून उभं केलेलं अचाट चित्र आपण एका खोट्या माहितीने शक्य करून टाकलं आणि कृपेची गरजच काढून घेतली.

म्हणजे गोष्ट वचनाला मारू शकते, हे मी मानतोच. फक्त तुम्ही दोष हसण्याला देता आणि मी तो खोटेपणाला देतो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी बायबलमधल्या यशयाच्या 40व्या अध्यायावर, म्हणजे देवाची वाट पाहणारे गरुडांसारखे वर उडतील या वचनावर, बोलताना मी गरुडाची ती प्रसिद्ध गोष्ट सांगितली. गरुड चाळिशीला आला की डोंगरावर जातो, जुनी चोच खडकावर आपटून फोडतो, नवी आली की नखं उपटतो, मग पिसं, आणि 150 दिवसांनी नवा होऊन आणखी 30 वर्षं जगतो. मी ती रंगवून सांगितली. लोक हलले. उपासना संपल्यावर एक विद्यार्थिनी बाकं रिकामी होईपर्यंत थांबली. तिच्या वहीत उपदेशाची टिपणं होती आणि '150 दिवस' या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ मारलेली होती. तिने विचारलं, "चोच नसताना गरुड इतके दिवस खातो काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चोचीवरचं केराटिनचं, म्हणजे आपल्या नखांसारख्या पदार्थाचं, आवरण वाढत राहतं, पण फुटलेली अख्खी चोच पुन्हा उगवत नाही आणि चोचीविना शिकारी पक्षी उपाशी मरतो, हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी तिने वही मिटली आणि हळूच विचारलं, "पुनरुत्थानाबद्दल सांगता तेही असंच कुठेतरी वाचलेलं असतं का?"

तिच्या आवाजात उद्धटपणा अजिबात नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पुढच्या रविवारी मी मंडळीपुढे उभा राहून ती गोष्ट मागे घेतली. बायबलमध्ये यहोशवाच्या काळात सूर्य थांबला असं लिहिलंय, तो हरवलेला दिवस नासाच्या संगणकाला सापडला, ही दुसरी लाडकी गोष्टही त्याच दिवशी सोडली. तीही निव्वळ बनावट आहे. ज्या तोंडाने मी येशूच्या रिकाम्या कबरेची, म्हणजे त्याच्या पुनरुत्थानाची, साक्ष देतो, त्याच तोंडाने न तपासलेली 'सत्यघटना' सांगणं हे माझ्या मते व्यासपीठावरचं मोठं पाप आहे. दुसऱ्याचा अनुभव 'माझ्या बाबतीत घडलं' म्हणून सांगणंही त्याच जातीचं. कल्पित गोष्ट जरूर सांगावी. येशूने सांगितलेला उधळ्या पुत्र कोणत्या गावचा, असं कोणी विचारत नाही. पण ती 'घडली' म्हणून सांगू नये.

आता पौल. करिंथकरांस पहिल्या पत्रातलं जे वचन तुम्ही दिलंत, त्याच पत्राचा 12वा अध्याय उघडा. तिथे पौल मंडळीला एका शरीराची उपमा देतो. पाय रुसून म्हणतो, मी हात नाही, म्हणून मी शरीराचा नाही. सगळं शरीरच डोळा असतं तर ऐकणं कुठे राहिलं असतं? डोळाच डोळा असलेला माणूस मनात आणून पाहा. देवाने दिलेल्या आपापल्या दानांवरून भांडणाऱ्या मंडळीला पौल तिचंच हास्यास्पद रूप दाखवतोय. त्याने नाकारली ती स्वतःकडे लक्ष ओढणारी वक्तृत्वाची मिरवणूक.

तुमच्या बाजूचा एक जुना साक्षीदारही मला माहीत आहे. 13व्या शतकात जर्मनीतल्या हाइस्टरबाख मठातल्या सिझेरियस या ख्रिस्ती संन्याशाने लिहून ठेवलंय की मठाधिपती गेवार्ड बोलत असताना काही बंधू डुलक्या घेत होते, काही चक्क घोरत होते. गेवार्ड मध्येच म्हणाले, "ऐका, आर्थर नावाचा एक राजा होता..." सगळे ताडकन जागे झाले. गोष्ट तिथेच थांबवून त्यांनी सुनावलं : देवाबद्दल बोलत होतो तेव्हा झोपलात, आणि फालतू गोष्ट निघताच कान टवकारलेत! हे वाचताना मलाही टोचतं. पण त्यांनी जागं केलेल्या त्या माणसांना राजाच्या गोष्टीवरून देवाच्या गोष्टीकडे नेलं असतं तर? बायबलमधल्या नाथान संदेष्ट्याने तेच केलं. दावीद राजाने दुसऱ्याची बायको बळकावली होती. दाविदाला थेट 'तू पापी आहेस' म्हटलं असतं तर राजाकडे शंभर सबबी तयार होत्या. नाथानाने एका श्रीमंताने हिसकावलेल्या, गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली, दावीद संतापून म्हणाला की असा मनुष्य मरणदंडास पात्र आहे, आणि मग ते चार शब्द आले : "तो मनुष्य तूच आहेस." दाविदाला मेंढी विसरता आली नसेल, आणि त्या मेंढीमुळे वचनही विसरता आलं नाही.

म्हणून गोष्ट निवडताना मी आता एकच पाहतो : ती ऐकणाऱ्याला वचनापाशी आणून सोडते का, की स्वतःच्याच अंगणात बसवून ठेवते? आधी वेगळी जमलेली गोष्ट आणि मग तिला चिकटवायला शोधलेलं वचन, हे पहिल्या मिनिटात कळतं. विनोदात कोणाला हसायचं हेही तितकंच महत्त्वाचं. बायको, सासू, तोतरा माणूस, दुसऱ्या पंथाचे लोक यांच्यावरचे चुटके मला व्यासपीठावर सहन होत नाहीत, मग मंडळी कितीही हसो. समोर बसलेल्यांपैकी कोणाला तरी ते लागतातच.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मंडळीत दर रविवारी दोन-तीन अशा गोष्टी होतात आणि तुम्ही गप्प बसून ऐकता. गप्प बसू नका. उपासनेनंतर पाळकांना एकटं गाठून, त्या मुलीसारखं हळूच विचारा, "ही गोष्ट कुठून घेतलीत? आणि ती या वचनात कुठे बसते?" ते रागावले तर मला जरूर कळवा. मला मात्र वाटतं, ते विचारात पडतील.