कपाटात वाजलेला ओटीपी

सोमवारी जप्त झालेला बाबांचा मोबाइल आज, गुरुवारी, मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटातून सुटला, आणि तो सोडवताना बाबांना जे ऐकून घ्यावे लागले त्यानंतर मला गप्प बसवत नाही.

शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आधारशी जोडलेला मोबाइल घेऊन ये, असे शाळेच्या कार्यालयातल्या बाबूंनीच सांगितले होते. म्हणून घरातला एकुलता एक स्मार्टफोन बंद करून, रुमालात गुंडाळून, दप्तराच्या तळाशी ठेवून मी नेला. शाळेत मोबाइलला बंदी, म्हणून फाटकावरच्या सरांनी तो काढला, सुरू केला आणि गॅलरी चाळली. तिथे त्यांना आमच्या गोऱ्ह्याची आणि बोंडअळीने पोखरलेल्या बोंडांची छायाचित्रे सापडली. तरीही मोबाइल कपाटात गेला. दुपारी बाबूंनी अर्ज उघडून ‘ओटीपी सांग’ म्हटले, आणि भिंतीपलीकडच्या कपाटात ‘टिंग’ वाजले. किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक तालुक्याला सभेला. बाबूंनी पुन्हा ओटीपी मागवला, पुन्हा कपाट वाजले. वर मलाच म्हणतात, “मोबाइल जवळ ठेवत जाय ना वं पोरी!”

मोबाइल पालकांच्याच हाती देणार, हा पुढचा नियम. ऐन वेचाईत, बायांना शेतात सोडून बाबा बारा किलोमीटर आले आणि ‘आजकालची पिढी’ या विषयावरचे व्याख्यान उभ्याने ऐकत राहिले. त्या व्याख्यानात मुख्याध्यापकांचा स्वतःचा फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो उचलला. फ्रान्सने २०१८ मध्ये शाळांत मोबाइलबंदीचा कायदा केला, हेही त्यांनी बाबांना ऐकवले. त्याच कायद्यात शिकवण्याच्या कामासाठी सूट आहे, हे मात्र गाळले. रात्री दहाला गृहपाठाची पीडीएफ पाठवणारे आणि पहाटे साडेपाचला गुलाबाच्या फुलासह ‘सुप्रभात’ पाठवणारे ते फाटकावरचेच सर. (त्या गुलाबाचा मला गृहपाठापेक्षा जास्त संताप येतो.) शाळेतले संगणक दसऱ्याच्या पूजेपुरतेच आच्छादनाबाहेर येतात, तो राग वेगळा.

आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने २०२२ मध्ये मोबाइलबंदी ठरवली, तीही फक्त अठरा वर्षांखालच्यांवर. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास थोरामोठ्यांचेही टीव्ही-मोबाइल बंद राहू लागले. तो भोंगा मला मान्य आहे. मोबाइल सकाळी फाटकावर जमा करून घ्या, चिठ्ठी द्या आणि शाळा सुटताना परत करा, यालाही आम्हा मुलींची काही हरकत नाही; पण आम्हाला विचारतो कोण?

आता एक कबुली, जी बाबांपर्यंत पोचू नये. मोबाइल नव्हता त्या तीन दिवसांत माझे इतिहासाचे दोन धडे वाचून झाले. आज तो हाती येताच मी तावातावाने, मोबाइल रोज किती वेळ वापरला हे दाखवणारे ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडले, मुख्याध्यापकांना खोटे पाडायला आकडा मिळेल म्हणून. रविवारी चार तास अकरा मिनिटे. त्यातला अभ्यास किती, हे मोजायला मला बोटेही लागली नाहीत.

अर्ज अजून तसाच आहे. बाबूंनी उद्या पुन्हा मोबाइल घेऊन बोलावले आहे.