‘.547 म्हणजेच प्रोफेशनल’ म्हणणाऱ्यांना

ट्रॉम्बोन, म्हणजे पुढेमागे सरकणाऱ्या नळीचं (स्लाइडचं) पितळी फुंकवाद्य, घ्यायला निघालेल्या माणसाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: ‘खरा प्रोफेशनल ट्रॉम्बोन .547 बोअरचाच. बोअर मोठा तेवढा आवाज मोठा. बेल (पुढचं पसरट तोंड) रोझ ब्रासची, म्हणजे तांबूस पितळेची घ्या. व्हॉल्व्ह थेअरचाच बघा, साध्या रोटरीला हातही लावू नका.’ चार वाक्यं, चार दावे. एकही धड टिकत नाही.

बोअर म्हणजे स्लाइडच्या आतल्या नळीचा आतला व्यास. .547 इंच म्हणजे 13.89 मिमी, त्याखालचा .525 म्हणजे 13.34 मिमी. फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. आता माउथपीस उजेडासमोर धरून त्याच्या भोकातून बघा. तिथली सर्वांत अरुंद जागा सुमारे 7 मिमीची असते आणि तुमची सगळी फुंक आधी त्यातूनच जाते. त्यापुढे लीडपाइप (माउथपीस बसतो ती नळी), गूजनेक (स्लाइड आणि बेलचा भाग जोडणारी नळी), बेलचा उतार असं सगळं मिळून वाद्याचा स्वभाव ठरतो. त्यातला एकच आकडा उचलून त्यावर आवाज मोजायचा, हे काही पटत नाही.

शिवाय मोठा बोअर म्हणजे जास्त आवाज, हेही खरं नाही. अरुंद नळीत जोर लावला की सूर लवकर खणखणायला लागतो आणि त्याला धार चढते. रुंद नळीत तोच जोर लावला तरी सूर बराच वेळ गोल राहतो. सिम्फनी वाद्यवृंदाला तीन ट्रॉम्बोनचा भरीव, एकजीव आवाज हवा असतो, म्हणून तिथे कॉन 88एच किंवा बाख 42 यांसारखी साडेआठ इंची बेलची मोठी वाद्यं रुळली. मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासारख्या ठिकाणी बसायची इच्छा असेल, तर .547 घ्याच, त्यात वाद नाही. पण जॅझच्या बिग बँडमध्ये ट्रम्पेटांच्या शेजारी बसून धारदार वाजवायचं असेल, तर .508 चा किंग 3बी त्या कामाला जास्त बरा. तोही पूर्ण प्रोफेशनल. इंग्लंडमधले वाद्यवृंद तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अरुंद नळीचेच ट्रॉम्बोन वापरत होते. 1928 सालच्या ‘बोलेरो’मधला तो प्रसिद्ध, जीव काढणारा उंच सोलो फ्रेंच संगीतकार राव्हेलने लिहिला, तेव्हा फ्रान्समध्ये वाजायचे ते ट्रॉम्बोनही अरुंदच होते. हे सगळे वादक काय हौशी होते?

रोझ ब्रासचं थोडक्यात सांगतो. त्यात तांबं सुमारे 90 टक्के, पिवळ्या पितळेत 70 च्या आसपास. ‘तांबं जास्त म्हणून आवाज उबदार’ हे ऐकायला छान वाटतं. ब्रिटिश वाद्यनिर्माते रिचर्ड स्मिथ यांनी 1980 च्या दशकात कसलेल्या वादकांना डोळे बांधून, वेगवेगळ्या जाडीच्या बेल लावलेला ट्रॉम्बोन वाजवायला दिला. फरक कुणालाही ओळखता आला नाही. धातूचा परिणाम शून्यच, असं मी म्हणणार नाही. पण बेलच्या रंगावरून भाव वाढवून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

व्हॉल्व्हच्या बाबतीत मात्र दाव्यात अर्धं तथ्य आहे. एफ अटॅचमेंटचा खटका दाबला की व्हॉल्व्ह फिरून जास्तीची नळी जोडली जाते आणि वाद्य शुद्ध मध्यमाच्या अंतराने खाली उतरतं. स्लाइड लांब सरकवून सहाव्या पोझिशनवर मिळणारा सी हा सूर पहिलीवरच मिळतो. आखूड हाताच्या माणसाला ही केवढी सोय! साध्या रोटरीत हवा बऱ्यापैकी काटकोनात वळते, थेअरच्या शंकूसारख्या व्हॉल्व्हमधून ती जवळपास सरळ जाते. त्यामुळे खर्जातले सूर मोकळे लागतात, हे कबूल. पण थेअर जड असतो, डाव्या मनगटाला ते वजन तासाभरात कळतं, आणि तेलपाण्याची हयगय त्याला सोसत नाही. चांगला बसवलेला रोटरी वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. 88एच वर अजूनही रोटरी मिळतो आणि तो घेणारे अडाणी नाहीत.

ओपन रॅपचंही तसंच. त्यात एफच्या नळीला वळणं कमी म्हणून लोक हट्ट धरतात. ती नळी मात्र बेलच्या मागे बाहेर आलेली असते, आणि रंगमंचासमोरच्या वादकांच्या दाटीवाटीच्या पिटमध्ये खुर्चीची पाठ तिलाच लागते.

या चारही दाव्यांत स्लाइडचं नावसुद्धा नाही, याचं मला सर्वांत नवल वाटतं. दुकानात आकडे विचारण्याआधी स्लाइड वाद्यापासून सोडवा. आतल्या नळ्यांची तोंडं अंगठ्यांनी बंद करा, स्लाइड उभी धरा आणि कुलूप काढा. खाली दुसरा हात तयार ठेवा. बाहेरची स्लाइड सरसर घसरली, तर हवा गळते आहे. मग अंगठे काढून हळूहळू खाली-वर करा. मध्येच कुठे अडकली, तर नळी वाकलेली आहे. व्हॉल्व्हसाठी खटका न दाबता एफची ट्यूनिंग स्लाइड थोडी बाहेर ओढा, क्षणभर थांबा आणि मग खटका दाबा. ‘पॉप’ असा आवाज आला तर व्हॉल्व्ह हवाबंद आहे. नाही आला, तर बोअर कितीचा आहे हे विचारायचीही गरज नाही.